थर एकच, मागणारे दहा

जमिनीखाली काय आहे असं विचारलं की बहुतेक जण वस्तूंची नावं घेतात, पाणी, कोळसा, तेल, गॅस, मीठ, धातू. मला वाटतं घोळ इथूनच सुरू होतो. वस्तू म्हटली की ती काढायची आणि न्यायची एवढंच डोक्यात येतं, ती जिथे होती ती जागा कुणाच्या हिशोबातच येत नाही. आणि आता तर मागणी त्या जागेलाच आहे. समजा दोन-तीन किलोमीटर खाली वाळूच्या खडकाचा एक थर आहे, डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक छिद्रांनी भरलेला, आणि त्याच्यावर घट्ट झाकण बसावं तसा दुसरा खडक. तिथे गॅस सापडला तर गॅसवाले येतात. गॅस संपला की उन्हाळ्यात भरायचा आणि थंडीत काढायचा म्हणून स्टोरेजवाले येतात. कार्बन डायऑक्साइड कायमचा गाडायचा तर असाच थर लागतो, खालचं गरम पाणी वर आणून घरं तापवायची तर असाच, हायड्रोजन साठवायचा तर असाच किंवा मग मिठाचा. तेलविहिरींमधून वर येणारं खारट, घाण पाणी कुठे घालवायचं तर तेही अशाच थरात. आणि हाच थर जर वर असला, गोडं पाणी धरून असला, तर गावंच्या गावं त्याच्यावर तहान भागवत असतात.

एवढे सगळे एका थराच्या मागे, आणि प्रत्येकाची परमिशन वेगळ्या ऑफिसात. पाण्याचं खातं वेगळं, खाणीचं वेगळं, तेल आणि गॅसचं वेगळं, बोगदे आणि मेट्रोवाले आणखी वेगळे, आणि उष्णतेचं तर अनेक देशांत अजून नीट ठरलेलंच नाही की हे खनिज समजायचं का पाणी समजायचं. कागदावर सगळं वेगळं राहतं, पण खडकात काहीच वेगळं राहत नाही. एका बाजूने प्रेशर वाढवलं की ते कित्येक किलोमीटर लांब जाणवतं. कार्बन डायऑक्साइड जिथे आत सोडला त्याच्या आसपासच पसरतो हे खरं, पण त्याने ढकललेलं खारं पाणी आणि वाढलेला दाब त्याच्या खूप पुढे निघून जातो.

माझं म्हणणं असं आहे की परमिशन देताना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की हा वापर झाल्यावर इथे दुसऱ्या कुणाला काय करता येणार नाही, आणि किती काळ. किती उत्पन्न मिळेल, किती नोकऱ्या येतील, हे सगळं त्याच्यानंतर. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा आहे आणि त्याची किंमत जे मोजतात त्यांना त्या उत्पन्नातलं फारसं काही मिळत नाही.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात लेक पेनयूर नावाचं तळं आहे. १९८० साली ते जेमतेम तीनेक मीटर खोल होतं. तळ्याखाली मिठाचा मोठा घुमट, त्या घुमटात चालू मिठाची खाण, आणि वर तळ्यात तेल शोधणारी रिग. दोन्ही कामं कायदेशीर, दोघांकडे आपापले कागद. २० नोव्हेंबरला ड्रिलचं टोक अडकलं, रिग कलायला लागली, माणसं पटापट उतरून काठावर गेली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर रिग पाण्यात नाहीशी झाली. ड्रिलचं ते टोक साधारण ३५ सेंटीमीटर रुंद होतं. तेवढ्या भोकातून पाणी खाणीत शिरलं, मीठ विरघळत गेलं, भोक मोठं होत गेलं, आणि अख्खं तळं खाली गेलं. ११ बार्ज (मालवाहू सपाट बोटी), झाडं, काठाची जमीन सगळं ओढलं गेलं. तळ्यातून समुद्राकडे जाणारा कालवा उलटा वाहायला लागला आणि समुद्राचं खारं पाणी तळ्यात आलं. खाणीतली सगळी माणसं वाचली, सुमारे ५० जण होते, आणि ती वाचली कारण त्यांनी बाहेर पडायची प्रॅक्टिस केलेली होती. तळं मात्र गोड्या पाण्याचं उथळ होतं ते खारं आणि खूप खोल होऊन बसलं. नक्की चूक कुणाची, हिशोब कुठे चुकला, हे शेवटपर्यंत पक्कं ठरवता आलं नाही कारण पुरावाच पाण्याखाली गेला होता.

या घटनेबद्दल लोक बोलतात तेव्हा ड्रिल करणाऱ्याने कसा गाढवपणा केला असं बोलतात. मला त्यापेक्षा जास्त हे खटकतं की वरचं काम आणि खालचं काम एकाच नकाशावर पाहून "हे दोन्ही एकाच वेळी नको" असं म्हणणारं कुणी नव्हतं. असतं तर ड्रिल करणाऱ्याची मोजणी चुकली असती तरी तिथे ड्रिल सुरूच झालं नसतं. (त्याच घुमटात पुढे नैसर्गिक गॅस साठवायच्या पोकळ्या केल्या गेल्या, आणि तळ्याकाठचे लोक त्याबद्दल प्रश्न विचारत राहिले. त्यांना कोण घाबरट म्हणेल?)

नकाशाचा विषय निघालाच आहे तर २००२ चं क्वेक्रीक घ्या. पेनसिल्व्हेनियातली कोळसा खाण, शेजारी जुनी सोडून दिलेली खाण पाण्याने भरलेली. चालू खाणीतल्या लोकांकडे जो नकाशा होता त्याच्यात जुनी खाण कुठपर्यंत गेली हे बरोबर दाखवलेलं नव्हतं. खणता खणता मधली भिंत फुटली आणि ९ जण अडकले. तीन दिवसांहून जास्त वेळ अंधारात, गार पाण्यात. ते नऊच्या नऊ जिवंत वर आले, पण त्यांचा जीव टांगणीला लागला तो एका जुन्या कागदामुळे. जमिनीवर तुम्ही चुकीचा नकाशा घेऊन गेलात तर डोळ्यांनी दिसतं की इथे भिंत आहे. खाली नकाशा हेच डोळे असतात. म्हणून कुणी कुठेही बोअर मारला, खाण खणली, विहीर बुजवली, तर त्याची नोंद सरकारजमा झालीच पाहिजे आणि काही वर्षांनी ती सगळ्यांना पाहता आली पाहिजे. नेदरलंड्समध्ये खाण कायद्याखाली मिळालेला भूगर्भाचा डेटा साधारण ५ वर्षांनी सार्वजनिक होतो. कंपन्यांचं धंद्याचं गुपित ५ वर्षं जपलं जातं, त्यानंतर ती माहिती सगळ्यांची. मला हा व्यवहार अगदी योग्य वाटतो आणि जिथे तो नाही तिथे तो आणायला कुणाची काय हरकत असावी हे मला खरंच कळत नाही.

आता हक्काचा मुद्दा, कारण मुळातली गाठ तिथे आहे. जुनी समजूत अशी की जमीन ज्याची, वरचं आकाश आणि खालचं पाताळ त्याचंच. ऐकायला साधं वाटतं. पण पाणी, तेल, गॅस हलणारी चीज आहे, ती कुणाच्या बांधाला जुमानत नाही. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये एक खटला झाला. एका कापड गिरणीवाल्याची विहीर आटली कारण शेजाऱ्याने कोळशासाठी खड्डे खणले आणि पाणी तिकडे निघून गेलं. कोर्टाने शेजाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे आपल्या जमिनीत खणताना दुसऱ्याची विहीर आटली तर आटली, दाद मागता येणार नाही. बघा, कोळसा विरुद्ध पाणी हे भांडण तेव्हाच कोर्टात आलं होतं आणि कोर्टाने त्यात कुणाला काय किती गरजेचं आहे हे पाहिलंच नाही. १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टाने तर तेल, गॅस आणि पाणी यांची तुलना रानटी जनावरांशी केली, ज्याने पकडलं त्याचं. भारतातल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही आपल्या हद्दीतलं, ठरलेल्या पात्रातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी काढायचा मालकाचा हक्क धरलेला आहे. आणि आज जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश भारतच आहे.

ज्याने पकडलं त्याचं हा नियम खरोखर लावला की काय होतं ते पूर्व टेक्ससमध्ये दिसलं. १९३० मध्ये तिथे प्रचंड तेलसाठा सापडला. जमिनीचे तुकडे छोटे, मालक हजारो, आणि प्रत्येकाला माहीत होतं की आपण नाही काढलं तर शेजारी काढणार. किलगोर गावात एका ब्लॉकवर, एक एकरच्या आसपास जागेत, २४ विहिरी उभ्या राहिल्या. तेल वर ढकलतं ते खालचं प्रेशर, आणि सगळ्यांनी मिळून ते प्रेशर वाया घालवलं. ते गेलं की उरलेलं तेल खालीच अडकतं, ते कुणाचंच राहत नाही. तेलाचा भाव कोसळला आणि ऑगस्ट १९३१ मध्ये गव्हर्नरला उत्पादन थांबवायला नॅशनल गार्डचे सैनिक पाठवावे लागले. यातला एकही मालक वेडा नव्हता. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला होता, वेडेपणा नियमात होता. पुढे अमेरिकेतच हळूहळू अख्खा साठा एक युनिट धरून चालवायचा, विहिरी किती आणि कुठे ते एकत्र ठरवायचं आणि उत्पन्न वाटून घ्यायचं अशी पद्धत आली. तेलाच्या बाबतीत जे नव्वद वर्षांपूर्वी कळलं ते पाण्याच्या आणि उष्णतेच्या बाबतीत आपण परत पहिल्यापासून शिकायची काहीच गरज नाही.

मग काही देशांनी मालकीलाच खालून मर्यादा घातली. जपानमध्ये २००० साली कायदा झाला की मोठ्या शहरी भागांत साधारण ४० मीटरच्या खालची जागा सार्वजनिक कामासाठी वापरता येईल, सहसा वरच्या मालकाला भरपाई न देता. सिंगापूरने २०१५ मध्ये ठरवलं की जमीनमालकाचा हक्क ठरावीक पातळीच्या ३० मीटर खालपर्यंत, त्याच्याखाली सरकारचं. ब्रिटनने २०१५ मध्येच ३०० मीटरखाली तेल, गॅस आणि भूऔष्णिक कामासाठी वरच्या मालकाची संमती न घेता ड्रिल करायची मुभा दिली. या तिन्हींचे हेतू वेगवेगळे आहेत. पण वाचणाऱ्याला वाटेल की चला, सरकारकडे गेलं म्हणजे प्रश्न मिटला. नाही मिटत. आणि याबद्दल माझं मत खूप ठाम आहे ते ग्रोनिंगनमुळे.

ग्रोनिंगन हा नेदरलंड्सचा उत्तरेकडचा प्रांत. १९५९ मध्ये तिथे युरोपातला सगळ्यात मोठा गॅसचा साठा सापडला, जवळजवळ तीन किलोमीटर खाली, वाळूच्या खडकात. १९६३ पासून गॅस निघायला लागला आणि देशाची घरं, कारखाने, सरकारचं बजेट सगळं त्याच्यावर चाललं. गॅस निघाला तसा खडक दबत गेला, जमीन खचली, आणि दबलेला खडक जुन्या भेगांवर सरकायला लागला. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटतो, पण तो फक्त तीन किलोमीटर खोलीवर होता आणि वरची घरं विटांची, भूकंप डोक्यात ठेवून न बांधलेली. तज्ज्ञांनी सांगितलं उपसा कमी करा. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, उपसा वाढला. हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं की आकडा वाचण्यात माझी चूक झाली असेल, पण नाही, त्या वर्षी कित्येक वर्षांत निघाला नव्हता एवढा गॅस काढला गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या संसदेच्या चौकशी समितीने स्पष्ट सांगितलं की ग्रोनिंगनच्या लोकांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झालं. त्या गॅसमधून सरकारला मिळालेली रक्कम सुमारे ३६३ अब्ज युरो. १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा बंद झाला. घरांना तडे गेलेले हजारो लोक अजून दुरुस्तीच्या आणि भरपाईच्या कागदांत अडकलेले आहेत.

सरकार वाईट होतं म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. सरकार गॅसचं भागीदारही होतं आणि सुरक्षिततेचं राखणदारही. ज्याच्या तिजोरीत पैसा येतो त्याच्याच हातात थांबवायचं बटण दिलं तर ते बटण उशिरा दाबलं जाणार, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो. त्यात एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर केली, उशिरा का होईना. २०१६ च्या अखेरीस कायदा बदलून पुराव्याची जबाबदारी उलटी केली. आधी घरमालकाने सिद्ध करायचं होतं की तडा गॅसमुळे गेला. आता त्या भागात तशा प्रकारचं नुकसान दिसलं की ते गॅसमुळेच धरायचं, नसेल तर कंपनीने सिद्ध करावं. विचार करा, तीन किलोमीटर खाली काय झालं हे एका म्हाताऱ्या जोडप्याने कसं सिद्ध करायचं? मशीन कंपनीकडे, डेटा कंपनीकडे, इंजिनियर कंपनीकडे. जमिनीखालच्या प्रत्येक मोठ्या वापराला हा नियम पहिल्या दिवसापासून लागला पाहिजे, भांडण झाल्यावर पन्नास वर्षांनी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीवर चूक झाली तर बऱ्याचदा ती पाडून परत करता येते. खाली तसं नसतं. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात शेतीसाठी एवढं पाणी उपसलं की १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन साधारण ९ मीटर खाली गेली. तीन मजली घराएवढी. पाणी गेल्यावर चिकणमातीचे थर दाबून बसले आणि पुढे कितीही पाऊस पडला, कालव्याने कितीही पाणी आणून जिरवलं, तरी ते थर पूर्वीसारखे फुगत नाहीत. म्हणजे पाणीही गेलं आणि पाणी ठेवायची जागाही गेली. जर्मनीत श्टाउफेन गावात २००७ मध्ये नगरपालिकेची इमारत तापवायला १४० मीटर खोल बोअर घेतले. हेतू स्वच्छ ऊर्जा, त्यात वाईट काहीच नाही. पण मध्ये अनहायड्राइट नावाच्या दगडाचा थर लागला, बोअरमधून त्याला पाणी मिळालं, आणि पाणी मिळालं की तो दगड जिप्सम होतो आणि फुगतो. जुनं सुंदर गाव, आणि खालची जमीन सुरुवातीला महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या वेगाने वर यायला लागली. अडीचशेहून जास्त इमारतींना तडे. पाणी उपसून वेग कमी केला, पण फुगलेला दगड परत दाबता येत नाही.

आणि आसे. हे उदाहरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. जर्मनीतलीच मिठाची जुनी खाण. आधी अनेक वर्षं तिथून पोटॅश आणि मीठ काढलं, आणि काढताना दक्षिणेच्या बाजूला मिठाची भिंत पातळ होईपर्यंत खणत गेले, कारण तेव्हा मीठ विकायचं होतं, पुढे तिथे काय होईल याचा विचार करायचं कारणच नव्हतं. मग १९६७ ते १९७८ या काळात त्याच खाणीत सुमारे १,२६,००० पिंपं किरणोत्सारी कचरा ठेवला. आधीच्या वापराने पोकळ झालेली जागा, आणि तिच्यात असा कचरा जो हजारो वर्षं पाण्यापासून लांब राहायला हवा. १९८८ पासून खाणीत खारं पाणी झिरपतंय, रोज अनेक हजार लिटर. २०१३ मध्ये कायदा करून ठरवलं की कचरा परत बाहेर काढायचा, आणि तो कसा काढायचा याची तयारीच अजून चालू आहे. मीठ काढणं चुकीचं नव्हतं. चूक ही झाली की एक वापर संपला म्हणजे जागा मोकळी झाली असं धरलं. जमिनीखाली वापरलेली जागा मोकळी होत नाही, तिथे आधीच्या वापराच्या खुणा राहतात. कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅनियनमध्ये २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जी विहीर फुटली आणि जवळजवळ एक लाख टन मिथेन हवेत गेला ती १९५३ साली तेलासाठी खणलेली होती आणि नंतर गॅस साठवायला वापरात घेतली होती. तेल वर आणायला केलेला पाइप, त्याच्यात वर्षानुवर्षं प्रेशरने गॅस भरायचा आणि काढायचा. पाइप गंजला होता. हजारो कुटुंबांना घर सोडून दुसरीकडे राहावं लागलं.

म्हणून माझ्या मते क्रम असा लागतो. ज्याचा परिणाम परत फिरवता येतो ते आधी, ज्याचा नाही ते शेवटी, आणि ते करायचं तर तिथे यापुढे दुसरं काही होणार नाही हे उघड सांगून. आणि पिण्याचं पाणी या क्रमाच्याही वर, कारण गॅसला दुसरी सोय निघते, उष्णतेला निघते, पाण्याला नाही. शिवाय टेबलावर पाण्याची बाजू घेऊन बसणारं कुणी पैसेवालं नसतं. गॅसची कंपनी असते, खाणीची असते, स्टोरेजची असते. पाणी पिणारे लोक विखुरलेले असतात आणि त्यांना कळतं तेव्हा विहिरीला वास यायला लागलेला असतो. नेदरलंड्सने २०१८ मध्ये भूगर्भाचा राष्ट्रीय आराखडा केला त्यात पिण्याचं पाणी आणि ऊर्जा हे दोन्ही एकाच कागदावर समोरासमोर ठेवून तोलले. ग्रोनिंगनचा मार खाल्लेल्या देशाने हे केलं याचं मला महत्त्व वाटतं.

असं नाही की कुठेच जमलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ हे गरम पाण्याच्या झऱ्यांवर वसलेलं शहर. वाकारेवारेवा भागात पोहुटू नावाचं मोठं गायझर, म्हणजे जमिनीतून उंच उडणारं गरम पाण्याचं कारंजं, आहे आणि तिथले माओरी लोक पिढ्यानपिढ्या त्या गरम पाण्यावर रांधत, अंघोळ करत, जगत आलेत. गेल्या शतकात घरं आणि हॉटेलं तापवायला शेकडो बोअर झाले, प्रत्येक बोअर छोटा, प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं, आणि सगळ्यांचं मिळून असं झालं की खालचं प्रेशर उतरलं आणि गायझर मंदावले, काही झरे बंद पडले. १९८६ मध्ये सरकारने निर्णय घेतला, पोहुटूपासून दीड किलोमीटरच्या आतले सगळे बोअर बंद. लोक चिडले, साहजिक आहे, ज्याच्या घरात फुकट गरम पाणी येत होतं त्याला कोणी येऊन बंद कर म्हटलं तर तो चिडणारच. पण बोअर बंद झाले, खालची पातळी चढली, गायझर पुन्हा जोमाने उडायला लागले आणि काही वर्षांनी मेलेले वाटणारे झरेही जागे झाले. याच देशात वाइराकेईला १९५८ मध्ये सुरू झालेल्या वीज केंद्राच्या उपशाने जवळच्या खोऱ्यातले गायझर गेले ते परत आलेच नाहीत. एकाच देशात दोन्ही झालं. रोटोरुआला वेळेत थांबले, आणि थांबायचं कुठे ते दीड किलोमीटर असं मोजून सांगितलं. "जपून वापरा" असं आवाहन करत बसले असते तर आज तिथे गायझर नसते.

जिनिव्हाचं तर मला फार कौतुक वाटतं. तिथलं भूजल स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोघांच्या खाली पसरलेलं, दोघं उपसत होते, पातळी खाली चालली होती. जिनिव्हाने आधी स्वतः ठरवलं की आर्व्ह नदीचं पाणी गाळून थरात सोडायचं. पण मी पाणी भरायचं आणि पलीकडच्याने उपसायचं, हे कसं चालणार? म्हणून १९७८ मध्ये जिनिव्हा आणि फ्रान्सचा शेजारचा ओत-साव्वा जिल्हा यांनी करार केला, कोण किती उपसणार, प्रत्येक विहिरीला मीटर, पुनर्भरणाचा खर्च कसा वाटायचा, सगळं लिहून. राजधान्यांमधल्या मोठ्या लोकांनी येऊन केलेला करार नाही हा, स्थानिक पातळीवर केलेला. २००७ मध्ये त्यांनी तो परत केला. दोन देश, दोन कायदे, एक थर, आणि तरी जमलं, कारण थराला त्यांनी एकच खातं मानलं, भरणारा आणि काढणारा एका वहीत.

याच्यावर एक आक्षेप येतो आणि तो मला हलका वाटत नाही. लोक म्हणतात हवामान बदल दारात आहे, कार्बन गाडायला, उष्णता वापरायला, हायड्रोजन साठवायला आत्ता जागा हवी, तुम्ही असे क्रम आणि आराखडे करत बसलात तर उशीर होईल. मला घाई समजते. आणि खाली साठवणं होऊ शकतं हेही खरं आहे, नॉर्वेच्या समुद्राखाली स्लाइपनर या गॅसच्या साठ्यापाशी १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड खारट पाण्याच्या थरात सोडत आलेत, सुरुवातीची बरीच वर्षं तर वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. पण घाईने वेळ वाचतो का ते बघा. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात डिसेंबर २००६ मध्ये खोल खडकात प्रेशरने पाणी घालून उष्णता काढायचा प्रयोग चालू होता, शहराच्या अगदी खाली, ३.४ चा भूकंप झाला आणि प्रोजेक्ट कायमचा बंद. स्पेनच्या किनाऱ्याजवळ कास्तोरला संपलेल्या तेलसाठ्यात गॅस भरायला २०१३ मध्ये सुरुवात केली, शेकडो धक्के बसले, काही चारच्या वर, आणि काम थांबलं. न वापरलेल्या त्या प्रोजेक्टसाठी कंपनीला १.३५ अब्ज युरोची भरपाई मिळाली. एवढ्या पैशात आणि एवढ्या वर्षांत केवढा सर्व्हे झाला असता. आणि एकदा लोकांचा विश्वास उडाला की पुढचा चांगला, सुरक्षित प्रोजेक्टसुद्धा त्याच रागात बुडतो, त्याचं नुकसान हवामानालाच होतं.

दक्षिण कोरियातल्या पोहांगचं तर अंगावर येतं. उष्णतेसाठी चार किलोमीटरहून खोल विहिरींत प्रेशरने पाणी घालत होते. एप्रिल २०१७ मध्ये तीनच्या वरचा एक धक्का बसला, पाणी घातल्यानंतर लगेच. तो इशारा होता. धोक्याचा अंदाज नव्याने बांधला गेला नाही, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत पाणी घातलं. १५ नोव्हेंबर २०१७ ला ५.४ चा भूकंप झाला, शंभराहून जास्त लोक जखमी झाले, कितीतरी घरं राहण्यालायक राहिली नाहीत. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की तो त्या पाण्यामुळेच सुरू झाला.

एप्रिल ते नोव्हेंबर, सात महिने होते. परमिशनच्या कागदावर विहीर किती खोल, प्रेशर किती, पाणी किती हे सगळं लिहिलेलं असतं. त्याच कागदावर पहिल्या पानावर हेही लिहिलेलं असलं पाहिजे की काय दिसलं की हे काम त्याच दिवशी बंद होईल आणि बंद करा म्हणायचा अधिकार कुणाचा, नावानिशी. आणि तो माणूस त्या प्रोजेक्टकडून पगार घेणारा नसावा, त्या प्रोजेक्टचं उत्पन्न ज्या खात्यात जमा होतं त्या खात्याकडूनही नसावा.